वाचकांचे प्रश्न : कागदी वाफेचं इंजिन, आराखड्यापासून

तयार नमुना छापून कापणं वेगळं आणि स्वतःचा आराखडा काढून इंजिन उभं करणं वेगळं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं दुसऱ्या प्रकारची आहेत. सारख्या विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उत्तरांतली उदाहरणं १:४५ प्रमाणाच्या नमुन्याची आणि २०० जीएसएम (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटची आहेत.

मला डब्ल्यूपी इंजिनाचा कागदी नमुना स्वतः आखायचा आहे. प्रमाण कोणतं धरू? मूळ रेखाचित्रं मिळाली नाहीत, फक्त फोटो आहेत. त्यांवरून मापं काढता येतील का? — अकरावीचा विद्यार्थी, सांगली

येतील, पण फोटो निवडून घ्यावा लागेल. आधी प्रमाण ठरवू. डब्ल्यूपी हे ब्रॉडगेजचं ४-६-२ चाकरचनेचं (पुढे चार लहान, मध्ये जोडलेली सहा मोठी, मागे दोन लहान चाकं) प्रवासी इंजिन. पहिली इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली आणि पुढे वेगवेगळ्या कारखान्यांत मिळून ७५५ तयार झाली. टेंडरसह (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीसह) लांबी साधारण २३.९ मीटर, मोठ्या चाकांचा व्यास ५ फूट ७ इंच म्हणजे १७०२ मिमी आणि रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिमी. १:८७ ला हे इंजिन २७५ मिमीचं होतं आणि चाक १९.६ मिमीचं. एवढ्या चाकाचे आरे कागदात कापताना तुटतात. १:३२ ला लांबी ७४७ मिमी होते, म्हणजे ते शाळकरी टेबलावर मावत नाही. १:४५ ला लांबी ५३१ मिमी, चाक ३७.८ मिमी आणि गेज ३७.२ मिमी येतं. तू हेच धर.

आता फोटो. इंजिनाच्या अगदी काटकोनात उभं राहून, शक्य तितक्या लांबून झूम करून काढलेलाच फोटो घे. याचं कारण असं: धुराडं इंजिनाच्या मध्यरेषेवर असतं, तर तुझ्या बाजूचं चाक त्याच्यापेक्षा सुमारे ०.९ मीटर जवळ असतं. चाकापासून १० मीटरवर उभं राहिलं, तर चाकाच्या तुलनेत धुराडं सुमारे ८ टक्के लहान दिसतं. ३० मीटरवर गेलं, की हाच फरक ३ टक्क्यांवर येतो. चाकाचं माप फूटपट्टी मानून बॉयलर मोजताना ही दुरुस्ती केली नाही, तर बॉयलर हडकुळा होतो. घरी आखलेल्या नमुन्यांत सर्रास दिसणारी चूक हीच.

आणखी एक सांगतो. चाकाचा व्यास झिजतो. पोलादी धाव वर्षानुवर्षं घासते, कातली जाते, त्यामुळे १७०२ हे नव्या चाकाचं माप समज. दोन आसांमधलं अंतर मात्र कधी बदलत नाही. कुठे उभं करून ठेवलेलं इंजिन पाहायला मिळालं, तर टेपने आधी आसांच्या मध्यांमधली अंतरं घे, मग रुळापासून बॉयलरच्या मध्यापर्यंतची उंची. एवढ्या दोन मापांवर बाकीचा फोटो पक्का बसवता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जुनी वाफेची इंजिनं ठेवलेली आहेत. त्या बाजूला जाणं झालं, तर टेप आणि वही बरोबर असू दे.

कागदावर पहिली रेघ रुळाची ओढ, दुसरी आसांची, तिसरी बॉयलरच्या मध्याची. धुराडं, डोम (बॉयलरवरचा घुमट), कॅब (चालकाची खोली) या सगळ्यांची मापं या तीन रेघांपासूनच घ्यायची.

बॉयलरची नळी गुंडाळली की सांध्यात फट राहते. फट बुजवायला कागद वाढवला, तर आतल्या चकत्या सैल होतात. नळी गोल न येता तिला घड्याही पडतात. गणित तर बरोबर आहे. — ड्राफ्ट्समन, कराड

गणितात कागदाची जाडी धरलेली नाही. धातूच्या पत्र्याला जो नियम आपण लावतो, तोच इथेही लागतो: वाकल्यावर बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि खरी लांबी जाडीच्या मधोमध टिकते. समजा बॉयलरचा बाहेरचा व्यास ४२ मिमी आहे आणि कागद ०.२५ मिमीचा. उलगडलेल्या कागदाची लांबी ४२ च्या परिघाएवढी म्हणजे १३१.९ मिमी न धरता ४१.७५ च्या परिघाएवढी, म्हणजे १३१.२ मिमी धरायची. आतल्या चकतीचा व्यास ४१.५ होतो. प्रत्यक्षात ४१.३ कापावी, कारण चकतीच्या कडेला फेविकॉल लागतो आणि पुठ्ठा थोडा फुगतो. तुम्ही चकती ४२ ची आणि कागद १३१.९ चा काढला असणार. मग कागदाला ४२.२५ च्या परिघाभोवती फिरावं लागतं आणि नेमकी ०.८ मिमीची फट उरते.

जाडी पाकिटावरून धरू नका, मोजा. २० कागद दाबून एकावर एक ठेवा, गठ्ठ्याची उंची घ्या आणि २० ने भागा. एकाच जीएसएमचे दोन कंपन्यांचे कागद सारख्या जाडीचे असतीलच असं नाही. बॉयलर मजबूत व्हावा म्हणून दुहेरी कागद वापरणार असाल, तर आतला थर वेगळा मोजा: ४२ च्या नळीत त्याचा मध्यव्यास ४१.२५ आणि लांबी १२९.६ मिमी येते. दोन्ही थरांचे सांधे समोरासमोरच्या बाजूंना ठेवा, एकावर एक नकोत.

घड्या पडतात त्या कागदाचे तंतू आडवे आल्यामुळे. कारखान्यात कागद बनताना तंतू एका दिशेला लागतात. त्या दिशेला समांतर अक्ष ठेवून कागद सहज गोल होतो. उलट फिरवला, की मोडतो. दिशा ओळखायला कागदाचा बोटभर चौकोन कापून एकाच बाजूने ओला करा. तो आपोआप गुंडाळतो, आणि त्या गुंडाळीचा अक्ष म्हणजेच तंतूंची दिशा. बॉयलरची लांबी त्याच दिशेला येईल असा तो भाग पानावर मांडा. जागा वाचवायला आडवा मांडला, तर पान वाचतं आणि बॉयलर जातो. चिकटवण्यापूर्वी कोरड्या कागदावरून गोल पेन्सिल तळहातावर दाबत फिरवून त्याला आधीच गोलाई द्या.

सांध्याला कान (गोंद लावायची जास्तीची पट्टी) ठेवू नका. एकावर एक चढलेल्या कागदाची कड बाहेरून दिसते आणि नळी अंड्यासारखी होते. दोन्ही कडा समोरासमोर भिडवा आणि आतून ८ मिमी रुंदीची पट्टी लावा. ही पट्टी टोकापासून टोकापर्यंत अखंड लावायची नाही. जिथे चकती बसणार तिथे ती तोडा, नाहीतर चकती तिच्यावर अडते आणि बॉयलरला त्या जागी बाहेरून फुगवटा येतो. चकत्या १ मिमी पुठ्ठ्याच्या, दर ३५–४० मिमीवर एक. सांधा खाली, चेसिसकडे (इंजिनाच्या खालच्या सांगाड्याकडे).

निमुळत्या बॉयलरचं एक उदाहरण करून पाहा. एका टोकाला व्यास ४४, दुसऱ्या टोकाला ३८, लांबी ६० मिमी. तिरकी बाजू ६०.०७ येते. तिला ४४ ने गुणून ६ ने, म्हणजे दोन व्यासांच्या फरकाने, भागा: बाहेरच्या कंसाची त्रिज्या ४४०.५. तिच्यातून तिरकी बाजू वजा केली, की आतल्या कंसाची त्रिज्या ३८०.४. कोन १८ अंश. एवढी त्रिज्या कंपासमध्ये बसत नाही, म्हणून पुठ्ठ्याची लांब पट्टी घेऊन एका भोकात टाचणी आणि दुसऱ्यात पेन्सिल ठेवून कंस काढा. इथेही जाडी वजा करून मगच व्यास धरायचे. हे सारं दोन्ही बाजूंनी सारख्या निमुळत्या बॉयलरला लागू आहे. काही इंजिनांत बॉयलरची वरची रेघ सरळ असते आणि उतार फक्त खालून. तिथे हा कंस चालत नाही. नळीचे त्रिकोण पाडून एकेक त्रिकोण उलगडावा लागतो.

डब्ल्यूपीचं गोल नाक आणि बॉयलरवरचा डोम कागदातून कसा काढायचा? संगणकाने उलगडून दिलेले तुकडे फार बारीक येतात. — एक वाचक, सातारा

दोन्ही दिशांना वाकलेला पृष्ठभाग सपाट कागदातून न ताणता निघत नाही. म्हणून संगणक त्याचे शेकडो त्रिकोण करतो. पेपाकुरा किंवा ब्लेंडर ही संगणकावरची सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, पण नाकाचा आकार त्यांच्या हाती देण्याआधी तुम्हीच साधा करून द्या. रस्ते दोन. एक पाकळ्यांचा: १२ पाकळ्या केल्या, तर ४० मिमी व्यासाच्या जागी प्रत्येक पाकळीची रुंदी १०.५ मिमी येते. पण उभ्या कडा दिसतात, आणि नाकावरचा रंगवलेला तारा त्या कडांवर तुटतो. दुसरा रस्ता कड्यांचा, म्हणजे एकात एक बसणाऱ्या निमुळत्या नळ्यांचा, आणि या नाकाला तोच शोभतो. बाजूने काढलेल्या आकृतीत नाकाची वक्ररेषा चार सरळ तुकड्यांत तोडा. बॉयलरकडचे तुकडे लांब ठेवा आणि पुढे, जिथे वळण जास्त आहे तिथे आखूड. प्रत्येक तुकड्याचं गणित वर कराडच्या पत्राला दिलेलंच. पुढच्या चपट्या कड्यात कोन फार मोठा येतो: व्यास १६ आणि ८, खोली २ मिमी असेल, तर त्रिज्या ८.९४ आणि ४.४७, कोन ३२२ अंश. म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्तुळ, फक्त ३८ अंशांची फाक काढलेली. अगदी टोकाला हेडलाइट येतो, त्यामुळे सर्वांत अवघड ठिपका करावाच लागत नाही.

कडी चिकटवताना प्रत्येक सांध्याच्या आत दातेरी पट्टी लावा. वाळल्यावर सांध्यावरून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने हलकं घासलं, की कडा मऊ होतात आणि गोलाई दिसू लागते. हे काम छपाईवर कागदाचा तुकडा ठेवून करा, नाहीतर शाई निघते.

डोमची वरची टोपी अशीच कड्यांनी होते. खरी गंमत आहे त्याच्या बुडाची, कारण ते गोल बॉयलरवर खोगिरासारखं बसतं. बॉयलरची त्रिज्या २० आणि डोमची ६ असेल, तर डोमची पट्टी ३७.७ मिमी लांब होते. तिचे १६ सारखे भाग करा, प्रत्येक २.३६ मिमीचा. डोमच्या पुढच्या बिंदूपासून सुरुवात करून प्रत्येक रेघेवर पट्टीचं बूड किती खाली न्यायचं ते असं: ०, ०.१३, ०.४६, ०.७८, ०.९२ मिमी, मग उलट क्रमाने मागच्या बिंदूपर्यंत पुन्हा ०. दुसऱ्या अर्ध्या भागात हेच आकडे परत येतात. म्हणजे पट्टी दोन्ही कुशींना सर्वांत खाली उतरते. बिंदू हाताने गोलाईत जोडा. जेमतेम एक मिलिमीटरचा हा फरक, पण तो सोडला तर डोम बॉयलरवर ठेवलेल्या डबीसारखा दिसतो. धुराड्याच्या बुडालाही हीच कृती. बॉयलरला भोक पाडू नका, वरून चिकटवा.

चाकं फिरती आणि दांडे हलते ठेवायचे आहेत. दोन नमुने केले, दोन्हींत चाकं अर्ध्या फेऱ्यात अडकतात. — वर्कशॉपमधला कामगार, किर्लोस्करवाडी

अर्ध्या फेऱ्यात अडकतं म्हणजे कपलिंग रॉडच्या (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर जुळत नाही. ०.३ मिमीचा फरकही पुरतो. उपाय तुमच्या कामाच्या रिवाजातलाच आहे: दोन्हींची भोकं एकाच जिगमधून (भोकांच्या जागा ठरवणाऱ्या साच्यातून) पाडा. पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या पट्टीवर आसांचे मध्य खुणावून बारीक भोकं पाडा. चेसिसच्या दोन्ही बाजू आणि चारही रॉड या पट्टीखाली धरूनच टोचा. मग पट्टीत चूक असली तरी सगळीकडे सारखीच होते आणि चाकं फिरतात.

दुसरं कारण डाव्या-उजव्या बाजूचं. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या क्रँकपिन (चाकावरच्या, दांडा अडकवायच्या खुंट्या) एकमेकांशी ९० अंशांत असतात, म्हणजे एक दट्ट्या टोकाला अडला तरी दुसरा ढकलतो. तुमच्या तीनही आसांवर हे ९० अंश तंतोतंत सारखे हवेत. एका आसावर ८५ झाले, की झालं. म्हणून दुसऱ्या बाजूचं चाक आसावर लगेच पक्कं करू नका. सैल बसवा, रॉड चढवा, इंजिन हळूहळू पुढे ढकला, चाकं आपली जागा घेतील, आणि मग फेविक्विकचा एक थेंब द्या.

डब्ल्यूपीच्या दट्ट्याचा फेरा २८ इंच, म्हणजे ७११ मिमी. क्रँकपिन आसापासून त्याच्या निम्म्यावर, नमुन्यात ७.९ मिमीवर येते. क्रॉसहेड (दट्ट्याची दांडी आणि चाकाकडचा दांडा जोडणारा सरकता ठोकळा) १५.८ मिमी सरकतो. त्याची मार्गपट्टी क्रॉसहेडच्या लांबीअधिक १५.८ पेक्षा किमान २ मिमी जास्त ठेवा. सिलिंडरची मध्यरेषा आखताना ती मुख्य चालक आसाच्या मध्यातून जाते की नाही, ते मूळ फोटोत आधी पाहून घ्या.

आसाला बांबूची काडी नको, ती गोल नसते. सायकलच्या स्पोकचा तुकडा घ्या: २ मिमी, सरळ, गुळगुळीत. त्यावर मेण चोळून बटर पेपरची पट्टी गुंडाळत चिकटवली, की बेअरिंगची नळी तयार होते. स्पोक ओढून काढा, नळी चेसिसमध्ये बसवा. क्रँकपिनला टाचणी चालते. रॉडचं भोक टाचणीपेक्षा ०.२ मिमी मोठं ठेवा.

चाकाचे चार थर वेगवेगळे कापा, प्रत्येक कार्डशीटचा, मिळून १ मिमी. प्रत्येक थरात आसाचं आणि क्रँकपिनचं भोक हवं. त्या दोन भोकांतून टाचण्या घालून थर एकावर एक चिकटवले, की आरे जुळतात. आऱ्यांमधल्या खिडक्या आधी, बाहेरचं वर्तुळ सर्वांत शेवटी कापायचं; उलट केलं, तर धरायला काही उरत नाही. मागे फ्लँजची (चाक रुळावर धरून ठेवणाऱ्या आतल्या कडेची) चकती ३९ मिमीची. शेजारच्या दोन चाकांचे फ्लँज एकमेकांना भिडत नाहीत ना, हे आराखड्यातच तपासा. कडा काळ्या स्केचपेनने रंगवा आणि रॉड ६बी पेन्सिलने घासून कापसाने पुसा. पोलादाची चकाकी येते, कोणत्याही चंदेरी रंगापेक्षा चांगली.

दुकानात छापून आणलेले भाग एकमेकांत बसत नाहीत. घरी छापलेल्यांची शाई पसरते. पावसाळ्यात तर सगळंच वाकडं होतं. — एक गृहिणी, वाई

दुकानात 'पानात बसवा' हा पर्याय सुरू राहतो आणि चित्र २–३ टक्के आकसतं. सगळंच सारखं आकसलं तर बिघडलं काय, असं वाटतं. पण पुठ्ठ्याची आणि स्पोकची जाडी आकसत नाही. २ मिमीचं भोक १.९४ होतं आणि आस शिरत नाही. प्रत्येक पानावर एक आडवी, एक उभी अशा १०० मिमीच्या दोन रेघा काढून ठेवा आणि दुकानातच पट्टीने मोजा. फाइल पीडीएफच द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायची, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.

लेझर छपाई पाण्याने पसरत नाही, पण घडीवर तडकते. घडीच्या रेघेवर संपलेलं रिफिल पट्टीला लावून दाबून फिरवा, मग दुमडा. इंकजेटची शाई फेविकॉलमधल्या पाण्यानेही फुटते. त्यावर पारदर्शक स्प्रे व्हार्निशचे दोन पातळ हात आधी द्या आणि चिकटवायच्या जागांवर कागदाची पट्टी लावून त्या कोऱ्या ठेवा.

पावसाळी हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेला वाढतो. आज छापलेलं पान आणि चार दिवसांनी छापलेलं पान म्हणून जुळत नाही. एका इंजिनाची सगळी पानं एकाच पाकिटातून, एकाच दिवशी छापा. टेंडर आणि कॅबच्या मोठ्या सपाट बाजू पुठ्ठ्यावर लावायला फेविकॉल नको. पाणी नसलेला रबरी गोंद वापरा, आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावा. एकाच बाजूला लावलेला कागद वाळताना पुठ्ठा ओढून धनुष्य करतो.

पूर्वी मिरजेला येणाऱ्या बार्शी लाइटच्या छोट्या गाडीचं इंजिन करता येईल का? की पहिल्या प्रयत्नाला ते अवघड आहे? — निवृत्त कर्मचारी, मिरज

उलट सोपं आहे. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभी केली. १८९७ मध्ये ती सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. गेज अडीच फूट, ७६२ मिमी. १:४५ ला १६.९ मिमी. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅल्थ्रॉप यांचा नियम होता. म्हणून इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेली सुरुवातीची इंजिनं ०-८-४ चाकरचनेची, वजन बऱ्याच चाकांवर वाटलेली होती.

ही टँक इंजिनं, म्हणजे पाणी-कोळसा इंजिनावरच, वेगळं टेंडर नाही. बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या हे सरळ खोके, आणि त्यांच्या आड बॉयलरचा बराच भाग झाकला जातो. सांध्याची चूकही तिथेच लपते. आखताना टाक्यांच्या आतल्या बाजूला बॉयलरसाठी पूर्ण गोलाई कापत बसू नका. उभी भिंत ठेवा आणि बॉयलरपासून अर्धा मिलिमीटर मोकळी सोडा. चाकं लहान आणि आठ जोडलेली असल्यामुळे पहिल्या वेळी ती न फिरणारीच ठेवा.

आठवीच्या ४० मुलांकडून तीन तासिकांत इंजिन करून घ्यायचं आहे. — शिक्षिका, तासगाव

प्रत्येकी २५ भागांच्या वर जाऊ नका. बॉयलर सरळ नळी, डोमऐवजी आखूड नळी, चाकं गोल चकत्या आणि आरे छापलेले. मुलामागे ए-४ च्या तीन पानांत हे मावतं. १२० अधिक १५ जास्तीची, अशी १३५ पानं छापा. चकत्या आणि चाकं तुम्ही आधी कापून न्या, मुलांच्या हाती कात्रीच द्या, कटर नको. पहिल्या तासिकेत बॉयलर आणि चेसिस, दुसरीत कॅब, तिसरीत चाकं, असा क्रम ठेवा. बॉयलर रात्रभर वाळला, तरच कॅब त्यावर सरळ बसते.

भागांना आकडे जोडण्याच्या क्रमाने द्या, आकाराच्या क्रमाने नव्हे. आणि वर्गात नेण्यापूर्वी कोऱ्या पांढऱ्या कागदाचं एक इंजिन स्वतः पूर्ण करा. जिथे तुमचं बोट आत पोहोचत नाही, तिथे मुलांचाही गोंद पोहोचणार नाही. त्या भागाचा आकडा पुढे आणा आणि पानं पुन्हा छापा.